नकाशावरची त्रेचाळीस घरं

घोडेगावच्या स्टँडवरून सकाळी सुटणाऱ्या आहुप्याच्या एसटीवर रत्ना रणपिसे कंडक्टर होती, आणि तिला एक खूळ होतं. तिकिटाचं मशीन उजव्या खांद्याला, पैशाची पिशवी डाव्या, आणि शर्टाच्या वरच्या खिशात मोबाईल. मोबाईल कायम चालू. तो गाडीची वाट टिपत बसायचा. शिनोली गेलं, डिंभ्याचं धरण मागं पडलं, घाट लागला की रत्ना मधेच खिडकीतून बाहेर बघायची आणि पटकन मोबाईलवर एक ठिपका दाबायची. एखाद्या वाडीकडं फुटलेली पायवाट, कडेला बांधलेली विहीर, नाहीतर ज्याच्याखाली गाडी थांबते ते हिरड्याचं झाड.

"म्याडम, गाडी कुठनं जातीय ते मला ठावं हाय," ड्रायव्हर सयाजी म्हणायचा. "तुमी कशापायी ल्हिऊन ठिवताय?"

"तुम्हाला ठाऊक आहे, जगाला नाही," रत्ना म्हणायची.

"जग येतंय व्हय आहुप्याला!"

हे खूळ लागलं त्याला कारण तशी क्षुल्लक गोष्ट झाली होती. एका श्रावणात पुण्याची चार पोरं-पोरी गाडीत बसली होती, दऱ्या बघायला निघालेली. घाट संपल्यावर त्यातली एक मुलगी फोन पुढं करून म्हणाली, "मॅडम, आपण चुकलोय. इथं काहीच नाहीये." रत्नानं वाकून पाहिलं. पडद्यावर नुसता हिरवट रंग आणि त्यावर त्यांचा निळा ठिपका. खिडकीबाहेर भाताची खाचरं होती, सात घरांची वाडी होती, दारात एक म्हातारी मुसळ घेऊन उभी होती. पण फोनच्या लेखी तिथं काहीच नव्हतं. रत्नाला ते उगाचच लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं संयमला विचारलं. संयम म्हणजे घोडेगावच्या पेठेतल्या नेमीचंद कापडवाल्यांचा मुलगा. बापानं कापडाच्या दुकानाचा एक गाळा त्याला तोडून दिला होता, तिथं तो मोबाईल दुरुस्ती करायचा. मारवाडातून आलेल्या घराण्याची चौथी पिढी. बोलायला लागला की पक्का घोडेगावकर. तो म्हणाला, "ताई, लोकांनीच भरायचा एक खुला नकाशा असतो. जगभरात लोक भरतात. कुणाची परवानगी लागत नाही. वरून काढलेला फोटो बघायचा, घराचे चार कोपरे दाबायचे, नाव लिहायचं. झालं." आणि त्यानं तिच्यासमोर स्वतःचं दुकान काढून दाखवलं. चौथा कोपरा दाबल्यावर चौकोन मिटला, आत रंग भरला. रत्नाला लहानपणी रांगोळीचे ठिपके जुळल्यावर जसं व्हायचं तसं झालं.

तेव्हापासून ती त्यात बुडाली. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती केव्हाच माहेरी परतली होती. घरी ती आणि वडील भागुजी, तिचे आबा, पाटबंधारे खात्यातून चौकीदार म्हणून रिटायर झालेले. दोन माणसांचा स्वयंपाक तो कितीसा. भांडी आवरली की ती संयमकडून घेतलेला जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. एसटीचा मोठा संप झाला ते पाच-साडेपाच महिने तर तिनं दुसरं काही केलंच नाही. बाकीचे कर्मचारी कुणी भाजी विकत होते, कुणी रोजानं जात होते. रत्ना सकाळी कांद्याच्या रानात जायची आणि दुपारनंतर नकाशा भरायची. आसाण्याच्या वरच्या अंगाच्या वाड्या तिनं त्या काळात घरागणिक भरल्या. नावाची खात्री नसली की फोन लावायची. "मावशी, तुमच्या झऱ्याला काय म्हणतात? व्हय, मीच, एसटीतली."

या खुळाचे आणखीही लोक निघाले. व्हॉट्सअपवर 'नकाशा कट्टा' नावाचा गट होता, चौदा माणसांचा. त्यात एक गुरांचा डॉक्टर, लग्नात ड्रोन उडवणारा एक फोटोग्राफर, संयम, आणि गट काढणारे भरत थोरात सर. सर मंचरकडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत. रत्नाच्याच गावचे, करंजदऱ्याचे, वरच्या आळीतले. महिन्यातून एका रविवारी सगळे घोडेगावात मिसळ खायला जमत आणि तासन्‌तास वाद घालत. कुठला फोन उपग्रह लवकर पकडतो? गुरांच्या गोठ्याला घर म्हणायचं की नाही? बैलगाडीची वाट आणि ट्रॅक्टरची वाट एकच का? शेजारच्या टेबलावरची माणसं यांच्याकडं खुळ्यांकडं बघावं तशी बघायची. त्या टेबलावर रत्नाला फार बरं वाटायचं. तिथं ती कुणाची टाकलेली बायको नव्हती, खालच्या वस्तीतली नव्हती, बिल्ला लावलेली कंडक्टर नव्हती. तिथं तिला विचारलं जायचं, "रत्नाताई, आघाण्याच्या पुढं रस्ता डांबरी आहे का हो?" आणि तिनं सांगितलेलं शेवटचं मानलं जायचं. एकदा सरांनी कॉलेजच्या मुलांपुढं तिला बोलायला उभं केलं. म्हणाले, "ज्या वाड्या सरकारी नकाशालासुद्धा धड ठाऊक नव्हत्या, त्या या बाईंनी जगाला दाखवल्या." रत्ना तो दिवस कित्येक महिने पुरवून पुरवून आठवत राहिली.

स्वतःची वस्ती तिनं सगळ्यात आधी भरली होती. करंजदऱ्याच्या ओढ्यापलीकडची त्रेचाळीस घरं, विहार, हातपंप, समाजमंदिर. नाव तेवढं मागाहून टाकलं: पंचशीलनगर. या नावामागं भागुजींची तीन वर्षं गेली होती. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा गावोगाव ठराव व्हायचे होते. भागुजींनी अर्ज केला, ग्रामसभेत उभे राहिले, दोनदा खाली बसवले गेले, तिसऱ्यांदा ठराव करूनच घरी आले. ठरावाची नक्कल त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवली होती. फाट्यावर पाटीही लागली होती. पुढं रस्ता रुंद करताना जेसीबीनं ती पाडली आणि परत लावायचं कुणाच्या मनावर आलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. रत्नाची सुट्टी होती. तिनं आबांसाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा ऑनलाइन मागवला होता. भागुजी ओट्यावर बसले होते. पार्सलवाला गाडी लावून हातातला फोन बघत आला आणि मोठ्यानं म्हणाला, "काका, महारवाडा हाच का?"

भागुजी उठले नाहीत. म्हणाले, "कुठला वाडा?"

"असं दाखवतंय ना इथं. हे बघा." त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पडद्यावर होतं ते त्यानं वाचलं.

भागुजींनी पार्सल घेतलं नाही. "त्या नावाच्या जागी आमी ऱ्हात न्हाई," म्हणाले आणि आत निघून गेले. रत्नानं बाहेर येऊन सही केली, आणि पार्सलवाला गेल्यावर लॅपटॉप उघडला.

त्या खुल्या नकाशाचं एक बरं असतं, कुणी कधी काय बदललं ते सगळं नोंदलेलं राहतं. अकरा दिवसांपूर्वी कुणीतरी पंचशीलनगर खोडून तो शब्द घातला होता. बदलणाऱ्याचं नाव 'सह्यभटका'. शेरा होता: 'स्थानिक लोक हेच नाव वापरतात.'

रत्नानं तिथल्या तिथं दुरुस्त केलं. चार दिवसांनी तो शब्द परत आला. तिनं परत बदललं, तो परत आला. पाचव्यांदा तिनं गटावर लिहिलं, ठरावाच्या नकलेचा फोटो टाकला. गुरांच्या डॉक्टरांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. फोटोग्राफरनं लिहिलं, 'चुकीचं आहे हे.' थोरात सरांनी लिहिलं, 'विषय नाजूक आहे. नियमानुसार जावं. ठराव कागदावर असतो, नकाशा जमिनीवरचा असतो. पाटी आहे का?'

पाटी नव्हती. रत्ना ग्रामपंचायतीत गेली. सरपंच म्हणाले, "हुईल की, घाई काय हाय?" ती परत आली आणि नुसती बसून राहिली. मग तिनं इतके दिवस जे करायचं सुचलं नव्हतं ते केलं. 'सह्यभटका' या माणसानं आणखी काय काय भरलंय ते काढलं.

फार नव्हतं. ते खातं दीड महिन्यापूर्वीच उघडलेलं. करंजदऱ्यातल्याच पाच-सहा नोंदी. वरच्या आळीत एका घरामागं एक नवा गोठा, गोठ्याशेजारी बोअर, आणि बोअरपासून मळ्यापर्यंत गेलेली पाइपलाइन. पाइपलाइन जमिनीखालून होती. वरून काढलेल्या फोटोत ती दिसत नाही. ती कुठून कुठं गेलीय हे ज्यानं पुरली त्यालाच ठाऊक. तो गोठा थोरात सरांचा होता.

रत्नानं तीनदा बघितलं. चुकत असेन, असं तिला फार वाटत होतं.

रविवारी सकाळी ती सरांच्या घरी गेली. सर अंगणात पेपर वाचत होते. खुर्ची दिली, बायकोला चहा टाकायला सांगितलं, ड्युटीची चौकशी केली. रत्नानं सरळ विचारलं.

"सर, सह्यभटका तुम्हीच ना?"

सरांनी पेपरची घडी घातली. नाही म्हणायचं त्यांच्या तोंडावर आलं असावं, पण ते शिक्षक होते. समोरच्यानं अभ्यास केलाय हे त्यांना कळलं.

"चर्चा व्हावी असं वाटलं मला," ते म्हणाले.

"मग स्वतःच्या नावानं का नाही केलीत?"

"रत्ना, तू हे भावनेत घेतेस. मी जात मानत नाही, तुला माहितीय. तुला स्टेजवर कुणी नेलं? पण नाव म्हणजे इतिहास असतो. तो पुसत गेलो तर उद्या संशोधन करणाऱ्याला काय सापडणार? आणि लोक अजून तेच म्हणतात, हे खोटं आहे का?"

"कोण लोक?"

"गाव म्हणतं."

"आम्ही गावात नाही का, सर?"

चहा आला. रत्नानं कप हातात घेतला पण प्यायली नाही.

"तुमच्या मळ्याला आमच्याकडं काय म्हणतात, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "उपाशी मळा. माझी आजी, तिची आई, सगळ्या त्या मळ्यात राबल्या. दिवसभर काम आणि संध्याकाळी शिळं तुकडं. आमची त्रेचाळीस घरं आजही तेच म्हणतात. 'कुठं चाललीस?' 'उपाशी मळ्याच्या अंगाला.' हाही इतिहासच आहे. टाकू का नकाशावर?"

सरांचा चेहरा उतरला. "ते वेगळं आहे."

"वेगळं कसं?"

"ती बदनामी होते. माझ्या आजोबांनी काय केलं त्याचा..." ते थांबले. मग आवाज चढवून म्हणाले, "तुला कुणी शिकवलं गं हे असं बोलायला? एवढं केलं तुझ्यासाठी."

रत्नानं कप खाली ठेवला आणि निघाली. दारातून सरांच्या बायकोनं हाक मारली, "अगं, चहा तरी घे!" तिला काहीच ठाऊक नव्हतं.

घरी जाऊन रत्नानं खरंच टाकलं. थोरात मळा या नावाखाली, दुसऱ्या नावाच्या रकान्यात: उपाशी मळा. शेरा लिहिला, सरांचाच: 'स्थानिक लोक हेच नाव वापरतात.'

तासाभरात ते उडालं. उडवणारा सह्यभटका नव्हता. गटातला फोटोग्राफर होता, ज्यानं 'चुकीचं आहे हे' असं लिहिलं होतं. त्याचा शेरा होता: 'अपमानकारक. पडताळणी नाही.'

त्या आठवड्यात गटावर पुष्कळ लिहिलं गेलं. सगळे सभ्य भाषेत लिहीत होते. नकाशात राजकारण नको, आपण छंद म्हणून एकत्र आलो, दोन्ही बाजूंनी संयम ठेवावा. सह्यभटका कोण, हे तिनं गटावर पुराव्यानिशी सांगितलं होतं, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिला खऱ्या संयमची आशा होती. ती ड्युटी संपवून त्याच्या दुकानात गेली. तो कुणाचा तरी फोन उघडून बसला होता. तिला बघून त्यानं मान आणखी खाली घातली.

"ताई, मी एक तोड काढलीय," तो म्हणाला. "मुख्य नाव पंचशीलनगरच ठेवू. ते जुनं नाव 'जुनं नाव' म्हणून खालच्या रकान्यात राहू दे. सर पण तयार आहेत. दोघांचं राहिलं."

"म्हणजे कुणी शोधलं तर ते सापडणारच."

"सापडेल. पण वर नाही दिसणार."

"आणि उपाशी मळा?"

"ताई, ते सोडा ना आता." त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मला इथं धंदा करायचाय. सरांचं अर्धं कॉलेज माझ्याकडं फोन आणतं. आमचं तरी इथं कोण आहे?"

हे त्यानं खरं सांगितलं, आणि म्हणूनच रत्नाला त्याच्यावर धड रागावताही येईना. "बरं," एवढंच ती म्हणाली.

तोड अमलात आली. कट्ट्यावर सगळ्यांनी वर केलेल्या अंगठ्याची चित्रं पाठवली. पुढच्या पंधरवड्यात वस्तीतल्या एका बाईचं पार्सल आलं, त्यावर छापलेल्या पत्त्यात जुनंच नाव होतं. कुठल्या रकान्यातून ते उचललं, कुणास ठाऊक.

त्यानंतरच्या रविवारी रत्ना सकाळीच ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. आबा आत रेडिओ ऐकत होते. तिनं आपली वस्ती पडद्यावर मोठी केली. पहिलं घर लंकाबाईचं, ओढ्याच्या कडेचं. ते निवडलं आणि काढून टाकलं. चौकोन गेला, खाली नुसती माती राहिली. मग शेजारचं. सगळी एकदम निवडून काढता आली असती, पण तिनं एकेक काढलं, कारण भरलंही एकेकच होतं. कुणाच्या पडवीचा कोपरा तिनं स्वतः पावलं मोजून भरला होता. विहार काढताना हात थांबला. मग तोही काढला. हातपंप, समाजमंदिर, ओढ्यावरचा फरशी पूल. सगळ्यात शेवटी नाव, त्याच्या दोन्ही रकान्यांसकट. शेऱ्यात तिनं लिहिलं, 'इथं कुणी राहत नाही.' आणि पाठवून दिलं.

तिला वाटलं होतं की हलकं वाटेल. त्या मुलीच्या फोनवर होता तसा हिरवट रंग ओढ्यापलीकडं पसरलेला तिनं बघितला आणि लॅपटॉप पटकन मिटून टाकला.

पण तेही टिकलं नाही. दुपारचं जेवण होईपर्यंत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरं जागेवर होती. कुठल्या तरी परदेशातल्या माणसानं, ज्याचं काम असल्या नासधुशीवर लक्ष ठेवणं होतं, एका बटणात सगळं परत आणलं होतं. विहार आला, हातपंप आला, नाव आलं आणि खालच्या रकान्यातलं जुनं नावही आलं. रत्नाला निरोप आला होता, इंग्रजीत, फार अदबीचा. खऱ्या असलेल्या गोष्टी कृपया काढू नका. आपल्या एवढ्या वर्षांच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. आपलं खातं एक महिना बंद ठेवत आहोत. तिनं तो निरोप शब्दकोशात शब्द बघत दोनदा वाचला. त्या माणसाचाही काही दोष नव्हता. घरं खरी होती.

महिना सरला, खातं उघडलं. रत्ना परत तिकडं फिरकली नाही. कट्ट्यातून ती न सांगता बाहेर पडली, तेव्हा फक्त गुरांच्या डॉक्टरांचा फोन आला. ते पाच मिनिटं हवापाण्याचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "मी बोलायला पाहिजे होतं, ताई." ती म्हणाली, "हो." बस्स. थोरात सरांच्या कट्ट्याला पुढं कुठलंसं बक्षीस मिळालं, डोंगराळ वाड्यांच्या नकाशासाठी. सत्काराची पत्रिका तिच्या नावानं डेपोत आली होती. तिनं त्या दिवशी मुद्दाम जादा ड्युटी मागून घेतली. सयाजीनं घाटात एकदाच विचारलं, "म्याडम, आताशा मोबाईल काढत न्हाई तुमी?" तिनं पुढच्या थांब्याची घंटी दिली.

भागुजींनी मात्र विषय सोडला नव्हता. पट्टा त्यांनी अजून बांधला नव्हता, दुखऱ्या गुडघ्यानंच हिंडत होते. एक दिवस जेवताना त्यांनी विचारलं, "ते नाव काढलंस का गं तू?"

रत्नानं भाकरी तव्यावर उलटली. "काढलं, आबा."

"पक्कं?"

"पक्कं."

म्हाताऱ्यानं ताटातला हात थांबवून तिच्याकडं बघितलं. मग समाधानानं मान हलवली. संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसून ते जो येईल त्याला सांगू लागले, "आमच्या रत्नीनं काढलं बरं का ते. पार जगाच्या नकाशातनं काढलं. कागदावर मी काढलं आन्‌ नकाशातनं तिनं."

समोर बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात फोन होता. प्रत्येकाच्या घरी पार्सलं येत होती आणि पार्सलवाल्यांचे फोन कुठलं नाव घेत येत होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लंकाबाई म्हणाली, "लई झ्याक केलं बया," आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

रत्ना हातपंपावरून पाणी घेऊन येत होती. तिनं ते ऐकलं, आणि वाट बदलून मागच्या दारानं घरात गेली.